'डाउन्टन ॲबी'तली इस्टेट, वारस आणि वरचे-खालचे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'डाउन्टन ॲबी' ही एका इंग्रज उमराव घराण्याची आणि त्यांच्या नोकरांची टीव्ही मालिका आमच्या घरी तीनदा बघून झाली. एकदा मी एकटीने, एकदा आईबरोबर, आणि तिसऱ्यांदा आई नि मावशी दोघींना मध्ये बसवून. तिसऱ्या खेपेला दर पाच मिनिटांनी थांबवावी लागली, कारण मावशीला आधी नाती समजून घ्यायची असतात आणि आईला मालमत्ता. खालचे बहुतेक प्रश्न त्या दोघींचे, थोडे इतर नातेवाइकांचे. मालिका बघायची राहिली असेल तर आत्ताच थांबा. पुढे कोण मेलं, कोणाचं लग्न झालं, सगळं सांगितलं आहे.

ही एडवर्डियन काळातली मालिका ना?

काटेकोर बोलायचं तर नाही. सातवा एडवर्ड १९०१ साली गादीवर आला आणि मे १९१० मध्ये वारला. मालिका सुरू होते एप्रिल १९१२ मध्ये, म्हणजे पंचम जॉर्जच्या राज्यात. पण पहिल्या महायुद्धापर्यंतची सगळी वर्षं 'एडवर्डियन' म्हणायची सवय इतिहासकारांनाही आहे, त्यामुळे पहिल्या सीझनपुरतं चालतं. पुढे कथा १९२५ अखेरपर्यंत येते. मालिका आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर २०१० ते २०१५ अशी सहा सीझन चालली, लिहिली ज्युलियन फेलोज यांनी. कथेत वाडा यॉर्कशरात आहे. पडद्यावर दिसतो तो हॅम्पशरमधला हायक्लेअर कॅसल.

नेमकं भांडण कशावरून आहे?

रॉबर्ट क्रॉली हा ग्रँथमचा अर्ल, म्हणजे वंशपरंपरेचा किताब असलेला उमराव. त्याला मेरी, ईडिथ आणि सिबिल अशा तीन मुली, मुलगा नाही. वारस म्हणून ठरलेला चुलतभाऊ जेम्स आणि त्याचा मुलगा पॅट्रिक हे दोघे टायटॅनिकवर बुडतात. मेरीचं पॅट्रिकशी लग्न होणार हे घरात ठरल्यात जमा होतं, म्हणजे घर हातचं जाणार नव्हतं. आता पुढचा वारस निघतो मँचेस्टरचा एक वकील, मॅथ्यू क्रॉली. नातं इतकं लांबचं, की सुतक लागतं का नाही हे गुरुजींना विचारावं लागेल.

पहिला सीझन नीट समजायचा असेल तर तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: किताब, जमीन आणि बायकोचे पैसे. तिघांचे नियम वेगवेगळे आहेत. गोष्टीतली मेख ही की रॉबर्टच्या बापाने तिन्हींची एकच मोट बांधून ठेवली आहे.

तीन मुली धडधाकट असताना घर परक्याला का?

हा आईचा प्रश्न, आणि तो तिने रागानेच विचारला होता.

किताब मुलीला मिळत नाही, कारण राजाने तो देतानाच सनदेत 'पोटची पुरुष संतती' असे शब्द घातलेले असतात. तिथे रॉबर्टचं काही चालत नाही. जमीन ही खरं तर वेगळी गोष्ट. ती मुलीला देता आली असती, पण डाउन्टनची जमीन किताबाच्या मागोमाग जाईल अशी बांधलेली आहे. त्या बांधणीला एंटेल म्हणतात.

आपल्याकडच्या माणसाला खरा धक्का मुलींना वगळण्याचा बसायला नको; तो धाकट्या मुलग्यांना वगळण्याचा बसायला हवा. मिताक्षरा हा जुना हिंदू वारसा कायदा पाळणाऱ्या घरात चार मुलगे असले तर चौघांना हिस्सा. म्हणून आपले वाडे मधोमध भिंती घालून चार चुलींचे होतात आणि सातबाऱ्यावर नावांची रांग लागते. इंग्रज उमरावांनी नेमकं हेच टाळलं. थोरल्याला सगळं, धाकटे लष्करात, चर्चमध्ये नाहीतर वसाहतींमध्ये. वाटणी होऊ द्यायची नाही, हेच तिथलं कुळाचाराचं पहिलं कलम. भाऊबंदकी त्यांच्याकडे नव्हती असं नाही, फक्त तिचा निकाल जन्माच्या क्रमाने आधीच लागलेला असायचा.

आणि मुलींच्या बाबतीत आपण नाकाने कांदे सोलायला नकोत. १८८६ साली मुंबई इलाख्यात वतनांसाठी कायदा झाला. त्यात शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर घराण्यातल्या बाकी सगळ्या बायका आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे लोक पुरुष भाऊबंदांच्या मागे ढकलले गेले. राज्य इंग्रजांचं होतं, पण आमच्या वतनदारांनी त्याविरुद्ध काही आकांत मांडला नव्हता. मुलींना जन्मापासूनचा हिस्सा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, देशभर २००५ साली.

हे एंटेल मोडता येत नव्हतं का? वकील असतात कशाला?

मोडता यायचं, आणि लोक मोडायचेही. म्हणून हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही.

जमीन वंशाला बांधून टाकण्याची सोय इंग्लंडात १२८५ सालच्या कायद्याने झाली. वकिलांनी पुढे तिच्यात पळवाटा काढल्या, आणि १८३३ साली तर एका साध्या दस्ताने बांधलेली जमीन मोकळी करता येईल असा कायदाच झाला. मग १९१२ साली रॉबर्ट अडकला कसा? कारण मोठ्या घराण्यांनी आणखी हुशार पद्धत काढली होती. मालक स्वतःला फक्त हयातभराचा भोगवटा ठेवायचा आणि पूर्ण हक्क मुलाच्या, नातवाच्या नावे पुढे ढकलायचा. मुलगा २१ वर्षांचा झाला की बाप त्याला समोर बसवायचा. पोराच्या खिशात दमडी नाही, कर्जं झालेली, लग्न करायचंय. बाप म्हणायचा, तुला दरसाल इतकी रक्कम देतो, तू इथे सही कर. त्या सहीने जुनी बांधणी सुटायची आणि त्याच बैठकीत नवी बांधली जायची. आता तो मुलगाही फक्त हयातभराचा भोगवटादार. पुढे त्याचा मुलगा २१ वर्षांचा झाला की पुन्हा तोच प्रयोग. गाठ दर पिढीला सुटत होती आणि दर पिढीला जास्त घट्ट बसत होती.

त्यामुळे रॉबर्टला आपण मालक म्हणतो ते बोलण्यापुरतं. कायद्याच्या नजरेत तो त्या वाड्यात मरेपर्यंत राहायची परवानगी असलेला माणूस. १८८२च्या कायद्यानंतर अशा भोगवटादाराला जमीन विकता येऊ लागली होती, पण पैसे जायचे विश्वस्तांकडे, तेही पुढच्या वारसासाठी. विकून मुलींना दिले, असं होत नव्हतं.

मालिकेतला सगळ्यात गमतीचा प्रसंग या मुद्द्यावरच आहे. रॉबर्टची आई व्हायलेट, म्हणजे मॅगी स्मिथ, एंटेल मोडता येईल का याचा सल्ला विचारायला जाते कोणाकडे? मॅथ्यूकडे! ज्याचं घर काढून घ्यायचं आहे त्यालाच फी न देता वकीलपत्र. आणि तोही बिचारा प्रामाणिकपणे पुस्तकं उघडून बसतो.

पण माझं मत विचाराल तर खरी अडचण कायद्याची नाहीच, रॉबर्टची आहे. त्याला झगडायचंच नाही. तो स्वतःला मालक समजत नाही, राखणदार समजतो. त्याच्या लेखी वाडा ही जिवंत वस्तू आहे आणि माणसं तिला वाढायला आहेत. सख्ख्या मुलीवर अन्याय होतोय हे त्याला दिसतं, डोळ्यांत पाणीसुद्धा येतं, आणि तो काहीही करत नाही. एवढा गोड माणूस एवढा कठोर कसा वागतो, हे कोडं सहा सीझन पुरतं.

पण पैसे तर बायकोने आणलेले. ते तरी तिचे नाहीत?

कोरा ही अमेरिकेतल्या सिनसिनाटीची, कापडचोपडाच्या मोठ्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या पैशाने डाउन्टन तरलं. इंग्लंडात १८८२च्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवायचा हक्क मिळाला होता, आणि कोराचं लग्न त्यानंतरचं. म्हणजे काहीच केलं नसतं तर पैसा तिचाच राहिला असता. म्हणूनच सासऱ्याने लग्नाआधी करार पुढे केला: तुझा पैसा इस्टेटीत मिळवायचा, आणि इस्टेट जाईल तिकडे तो जाईल. पोरगी विशीची, नवरा देखणा, वर काउंटेस, म्हणजे अर्लची बायको, व्हायचं होतं. तिने सही केली.

आईने इथे रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, "स्त्रीधनसुद्धा?" होय, स्त्रीधनसुद्धा.

हे कल्पनेतलं नाही. शेतमालाचे भाव १८७०नंतर पडले. अमेरिकेतून स्वस्त गहू येऊ लागला, कुळांचे खंड घटले, आणि इंग्रज उमराव अमेरिकेत सोयरिकी बघू लागले. १८९५ साली कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट मार्लबरोच्या ड्यूकला दिली गेली, बरोबर २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर. त्याच साली शिकागोच्या कापडव्यापारी लेवाय लायटरची मुलगी मेरी हिचं जॉर्ज कर्झनशी लग्न झालं. होय, तोच कर्झन, आपला व्हाइसरॉय. मेरी लायटर १८९९पासून कलकत्त्याला व्हाइसरीन म्हणून राहिली आणि तिला झाल्या तीन मुली, मुलगा नाही. अमेरिकन कापडव्यापाऱ्याची लेक, इंग्रज नवरा, तीन मुली. कोराची गोष्ट ऐकताना मला तरी दुसरं कोणी आठवत नाही.

मग सरळ दत्तक का घेत नाहीत?

हा मावशीचा प्रश्न. मराठी माणसाला तो पडलाच पाहिजे, आणि इंग्रजी लेखांत तो मला कुठे सापडला नाही.

उत्तर असं की इंग्लंडात तेव्हा दत्तक ही कायद्याची गोष्टच नव्हती. मूल वाढवायला घेता यायचं, पण त्याला मुलाचे हक्क देणारा कायदा झाला १९२६ साली. आणि आजही दत्तक मुलाला उमरावीचा किताब मिळत नाही. रक्ताचं आणि लग्नाच्या संबंधातलंच मूल लागतं.

आता सातारा आठवा. १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, मरताना दत्तक घेतलेला होता, आणि डलहौसीने तो नामंजूर करून राज्य खालसा केलं. झाशीच्या गंगाधररावांचा दत्तक मुलगा दामोदरराव, त्याचंही तेच. या धोरणामागे साम्राज्याची भूक होती हे खरंच आहे, पण दत्तक पुत्र हा पुत्रच, हे त्या माणसाच्या घरच्या कायद्यात कधी बसलेलंच नव्हतं.

आणि इथे नियतीचा एक फटका आहे, तो मी प्रत्येकाला सांगते. डलहौसीला स्वतःला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. १८६० साली तो मेला तेव्हा त्याची मार्क्विसची पदवी त्याच्याबरोबर संपली आणि अर्ल हा किताब गेला एका चुलत्याच्या घरात. दुसऱ्यांच्या गाद्या 'वारस नाही' म्हणून बुडवणारा माणूस, घरात ग्रँथमचा अर्ल निघाला.

मेरीने मॅथ्यूशी लग्न केलं की झालं. त्याला इतके भाग कशाला?

कारण मेरीला नांगराला जुंपलेलं आवडत नाही. आधी पॅट्रिकशी लग्न कर, तो मेला तर मॅथ्यूशी कर. माणूस कोणीही असो, घराला तो हवा. ती त्याचा अपमान करते तो याच रागातून.

पहिल्या सीझनच्या शेवटी आणखी एक गाठ पडते. कोराला दिवस राहतात. मुलगा झाला तर मॅथ्यू पुन्हा साधा वकील. मॅथ्यूने मागणी घातलेली असते आणि मेरी उत्तर लांबवते. पोटातलं मूल कोण आहे यावर दोन माणसांचं प्रेम खरं की खोटं हे ठरणार, असा तो विचित्र उन्हाळा. मूल पडतं; मुलगा होता हे कळतं. मग मॅथ्यूच तिला सोडून मँचेस्टरला जायला निघतो. मला त्या दोघांचे पुढचे प्रेमप्रसंग फारसे आवडत नाहीत, पण हा गुंता फार बारीक विणला आहे.

मॅथ्यू शिकलेला, निर्व्यसनी, कमावता. त्याला नाकं का मुरडतात?

कमावता आहे म्हणूनच. वडील डॉक्टर, आई इझोबेल परिचारिकेचं शिक्षण घेतलेली. आपल्याकडे असं स्थळ चालून आलं तर पेढे वाटतील. पण त्या घरात पोटासाठी काम करणं हाच कमीपणा. मॅथ्यू सांगतो की नोकरी सोडणार नाही, इस्टेटीचं शनिवार-रविवारी बघेन, आणि व्हायलेट वीकेंड म्हणजे काय असं विचारते. लोक हा विनोद टी-शर्टवर छापतात. पण तो शब्द तिच्या कानाला खरोखर परका आहे. ज्याला सोमवारी कामावर जायचंच नाही त्याला शनिवार कसा कळणार?

हा पूर्वग्रह पैशाचा नाही, हे लक्षात घ्या. वर्तमानपत्रवाला सर रिचर्ड कार्लाइल क्रॉलींपेक्षा श्रीमंत आहे. मेरीशी त्याचं लग्न ठरतं, तो जवळचा वाडा विकत घेतो. तेव्हा मेरी त्याला ऐकवते त्याचा भावार्थ असा: तुमच्यात फर्निचर विकत घेतात, आमच्यात ते वारशाने येतं. खुर्ची तीच. पण दुकानातून आली तर तिला किंमत असते, आजोबांकडून आली तर कूळ असतं.

मॅथ्यूची चूकही मालिका दाखवते, आणि ती मला जास्त शिकवून गेली. तो मोल्स्लीला, त्याच्या कपड्यांची सेवा करणाऱ्या माणसाला, म्हणतो की मला बटणं लावता येतात, तुझी गरज नाही. उदार वाटतं. मग मोल्स्लीचा चेहरा पडतो. रॉबर्ट मॅथ्यूला विचारतो की माणसाच्या हातून त्याचं काम काढून घेणं ही कुठली माणुसकी? मॅथ्यू वरमतो, आणि पुढच्या प्रसंगात बाह्या पुढे करतो. प्रसंग सुंदर आहे. पण नीट बघितलं तर युक्तिवाद असा झाला: तू सेवा करून घे, म्हणजे तोही सुखी राहील. लेखक किती सफाईने आपल्याला मालकाच्या बाजूला नेऊन बसवतो ते इथे पकडता येतं.

खाली नोकरांमध्ये एवढी उतरंड कशी?

वरच्यापेक्षा कडक. बटलर कार्सन, हाउसकीपर मिसेस ह्यूज, अर्लचा व्हॅले (त्याच्या कपड्यांची सेवा करणारा), काउंटेसची लेडीज मेड (तिची खास दासी) हे वरचे. मग फुटमन, म्हणजे टेबलावर वाढणारे, त्यांच्यातही पहिला आणि दुसरा. मोलकरणी. स्वयंपाकघरात मिसेस पॅटमोर, आणि सगळ्यांत तळाला डेझी, जी सर्वांआधी उठून शेगड्या पेटवते आणि घरातल्या लोकांच्या नजरेस न पडता परत खाली जाते. बसायच्या जागा ठरलेल्या. हाका ठरलेल्या: वरच्या नोकराला मिस्टर किंवा मिस लावायचं. मिसेस ह्यूजचं लग्न सहाव्या सीझनपर्यंत झालेलंच नसतं. 'मिसेस' हा तिच्या पदाचा मान.

कार्सन मालकापेक्षा जास्त सनातनी आहे. रॉबर्टचा नवा व्हॅले बेट्स पहिल्या भागात काठी टेकत येतो. तो रॉबर्टचा बोअर युद्धातला सोबती. त्याला घालवायला सगळ्यांत आधी कोण निघतं? खालचेच. कोराची लेडीज मेड ओब्रायन तर पाहुण्यांसमोर त्याची काठी उडवून त्याला पाडते. लंगडा माणूस पंगतीत वाढणार म्हणजे घराची शोभा गेली, असं त्यांचं म्हणणं. सिबिल घरच्या ड्रायव्हरशी, आयरिश टॉम ब्रॅन्सनशी लग्न करते. तेव्हा वर आदळआपट होते, पण कार्सनचा जीव खरा तुटतो: कालपर्यंत आपल्याबरोबर खाली जेवणाऱ्याला आता आपण वाढायचं!

यामागे भीती आहे. ज्याची सगळी इभ्रत मालकाच्या उंचीवर मोजली जाते, त्याला मालक खाली आलेला परवडत नाही. आणि बाहेरच्या जगात त्याला फारसं काही नाही. १९१८पर्यंत मालकाच्या घरात राहणाऱ्या बहुतेक पुरुष नोकरांनाही मत नव्हतं, बायकांचा तर प्रश्नच नव्हता. १९११ साली आजारपणाच्या विम्याचा कायदा आला. त्यात नोकराच्या कार्डावर मालकाने दर आठवड्याला तिकीट चिकटवायचं होतं. त्याविरुद्ध लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये मोठी सभा भरली. मालकिणींनी तिकिटं चाटायची म्हणजे काय! डाउन्टनच्या पहिल्या सीझनचा काळ तोच, पण मालिकेत त्यावर फारसं काही नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

म्हणजे ही त्यांची जातच की?

मोह होतो असं म्हणायचा, पण थांबा. दोन मोठे फरक आहेत. एक, तिथे विटाळ नाही. कोणाच्या हातचं पाणी चालतं हा प्रश्नच येत नाही, उलट मुलं सांभाळण्यापासून अंगावरचे कपडे काढण्यापर्यंत सगळं खालच्यांच्या हातून. दोन, पैसा आणि लग्न यांनी दोन-तीन पिढ्यांत वर जाता येतं. ब्रॅन्सन ड्रायव्हर होता. सिबिल मेल्यावर तो इस्टेटीचा कारभारी होतो आणि सासऱ्याच्या टेबलावर जेवतो. जातीच्या उतरंडीत हे इतक्या सहज घडत नव्हतं.

पण बोचणारं साम्यही आहे. लॅरी ग्रे नावाचा उमरावपुत्र आठवा. ब्रॅन्सनच्या पेल्यात काहीतरी मिसळून भर पंगतीत त्याची शोभा करणारा. पुढे त्याचे विधुर वडील लॉर्ड मर्टन इझोबेलला मागणी घालतात, तेव्हा हाच लॅरी जेवणाच्या टेबलावर तिचं मध्यमवर्गीयपण काढतो. इझोबेल डॉक्टरची विधवा. तिला ऐकवायला एवढं पुरतं. 'आपल्यातली नाही' हे सांगायची ती पद्धत कुठल्याही मराठी लग्नघरात ओळखू येईल.

मॅथ्यू मेल्यावर डाउन्टन कोणाचं?

मेरी आणि मॅथ्यूचं लग्न पुढे होतंच. पण इथे दुसरी गोष्ट मध्ये येते. रॉबर्टने कोराचा पैसा कॅनडाच्या ग्रँड ट्रंक रेल्वेत घातला आणि बुडवला. (ही रेल्वे खरी होती आणि खरोखर बुडाली. तिचा अध्यक्ष चार्ल्स हेज टायटॅनिकवर मेला. म्हणजे एकाच जहाजाने डाउन्टनचा वारसही नेला आणि ज्याच्या कंपनीने पुढे पैसा नेला तो माणूसही.) मॅथ्यूला त्याच्या आधीच्या वाग्दत्त वधूच्या वडिलांचा वारसा मिळतो, तो ते पैसे इस्टेटीत घालतो आणि भागीदार होतो. मग मुलाचा जन्म होतो त्याच दिवशी मोटार उलटून मरतो.

मृत्युपत्र नाही असं वाटतं. तेव्हाच्या नियमाने जमीन थेट तान्ह्या जॉर्जची, आणि मेरीला तिच्यातल्या थोड्या हिश्श्यावर हयातभराचा भोगवटा. पुढे मॅथ्यूचं एक पत्र सापडतं, वकील ते मृत्युपत्र म्हणून ग्राह्य धरतो, आणि मेरी मॅथ्यूच्या भागाची मालकीण होते. गंमत बघा. १९१२ साली ज्या मुलीला कायद्याने एक वीटही मिळणार नव्हती, तिला घर मिळालं ते एका विधवेच्या हक्काने, एका साध्या चिठ्ठीमुळे.

लगेच मृत्यूकराचं बिल येतं. १८९४ साली हा कर सुरू झाला तेव्हा वरचा दर ८ टक्के होता, १९१९ साली तो सर्वांत मोठ्या इस्टेटींना ४० टक्क्यांवर गेला. रॉबर्ट जमीन विकायचं म्हणतो, मेरी आणि ब्रॅन्सन डुकरं पाळायचं म्हणतात. डुकरं जिंकतात.

आता तरी तिकडे मुलींना मिळतं का?

जमीन, पैसा: हो. १९२५च्या कायद्यांनी मृत्युपत्र नसताना थोरल्या मुलालाच सगळी जमीन जाण्याचा नियम काढला, आणि १९९६नंतर नवीन एंटेल करताच येत नाही. राजगादीसाठी २०१३ साली थोरली मुलगी धाकट्या भावाच्या पुढे आली. उमरावीचे बहुतेक किताब मात्र अजून मुलग्यांचेच.

फेलोज यांच्या घरातच हे दुखणं आहे. त्यांची बायको किचनर घराण्यातली. ज्या किचनरने हिंदुस्थानातल्या फौजेचं सेनापतिपद सांभाळलं आणि कर्झनशी भांडण मांडलं, त्याचं हे घराणं. तिचे काका, शेवटचे अर्ल, २०११ साली वारले आणि मुलगा नसल्याने किताब संपला. पुतणीला मिळू शकला नाही. फेलोज यांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली होती. मालिकेतली चीड उसनी नाही.

आणि अपवाद कोणासाठी झाले तेही ऐका. तीन मुलींच्या बाप कर्झनसाठी १९११ साली एका बॅरनीच्या, म्हणजे बॅरन या किताबाच्या, सनदेत मुलींना चालेल असं लिहिलं गेलं. तो १९२५ साली मेल्यावर थोरली आयरीन बॅरोनेस झाली. माउंटबॅटनच्याही किताबात तशीच तरतूद होती, म्हणून १९७९नंतर त्याची मुलगी पॅट्रिशिया काउंटेस झाली. दोन व्हाइसरॉयांच्या लेकींची सोय झाली, बाकीच्यांनी नवरा शोधावा.

मालिका शेवटी कोणाच्या बाजूची?

वाड्याच्या. इतक्या गोड माणसांनी भरलेली असूनही, किंवा म्हणूनच.

ग्वेन आठवते? मोलकरीण, टपालाने टायपिंग शिकून, सिबिलच्या मदतीने नोकरी मिळवून गेलेली. सहाव्या सीझनमध्ये ती प्रतिष्ठित नवऱ्याची बायको म्हणून याच घरात जेवायला येते. कुटुंबातलं कोणीही तिला ओळखत नाही. दोन वर्षं या लोकांच्या खोल्यांतल्या शेकोट्या तिने साफ केल्या होत्या. थॉमस नावाचा नोकर कुजकटपणे ते उघड करतो, मग सगळे फार छान वागतात. वाईट कोणीच नाही त्या टेबलावर. फक्त त्यांनी तिचा चेहरा कधी बघितलाच नव्हता.

पण माझ्या मनातून जात नाही ते ड्र्यू कुटुंब. हे यू ट्री फार्मवरचे कूळ, पिढ्यानपिढ्यांचे. ईडिथला लग्नाबाहेर मुलगी होते, मॅरिगोल्ड, आणि ती गुपचूप ड्र्यूंकडे वाढवायला ठेवली जाते. मिसेस ड्र्यूला मूल कोणाचं हे सांगितलेलंच नाही. ती त्या पोरीवर जीव लावते. मग ईडिथला मुलगी परत हवी होते आणि ती घेऊन जाते. मिसेस ड्र्यू खचते, एकदा पोरीला उचलून घरी नेते. यावर उपाय काय निघतो? ड्र्यूंनी जमीन सोडून जायचं. शेवटचा शब्द ड्र्यूच्याच तोंडी घातला आहे, तो स्वतःच समजुतीने निघायचं कबूल करतो. वर सगळ्यांना फार वाईट वाटतं.

त्याच सीझनमध्ये, अगदी आगेमागे, मिस्टर मेसन नावाच्या दुसऱ्या कुळाला, म्हणजे डेझीच्या सासऱ्याला, नवा मालक काढतो. डेझी भर लिलावात त्या मालकाला खडसावते आणि आपण टाळ्या वाजवतो. नव्या पैशाने कूळ उठवलं की तो जुलूम, जुन्या घराण्याने उठवलं की नाइलाज.

ड्र्यूंची रिकामी झालेली शेती पुढे मिस्टर मेसनला मिळते. सगळ्यांना आनंद होतो, डेझीला तर फारच. मावशीने मात्र तेव्हा विचारलं, "आणि ते आधीचे कुठे गेले गं?" आम्ही शेवटच्या भागापर्यंत वाट बघितली. त्यांचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही.